द्वादशीचं पारणं

"दर्यात गेलीस तरी एकादशी मोडू नको हां," असं सासू मरताना सांगून गेली होती. तिच्या मागे घरात कोणी उरलं नाही, म्हणून गलबताचा तांडेल धाकू याने आपल्या बायकोला, मथुरेला, मस्कतच्या फेरीला गलबतावरच घेतलं.

अर्ध्या वाटेत वारा पडला, गलबत कित्येक दिवस जागीच राहिलं आणि तांदूळ संपत आले. संध्याकाळी मथुरेने धाकूला आणि खलाशांना भात वाढला नि टोप पालथा घातला.

"तुझा गो?" धाकूने विचारलं.

"माझी आज एकादशी. तुम्हां दर्यावरच्या माणसांना तिथी काय कळायची?"

धाकूने मान वर केली. पूर्वेला भरलेला, वाटोळा चंद्र पाण्यातून वर येत होता. एकादशीला असा पुनवेचा चंद्र नसतो, हे गलबतावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. खलाशी खाली माना घालून जेवत राहिले.

"बरं," धाकू म्हणाला. "मग उद्या द्वादशी. पारणं चुकलं की उपास फुकट जातो, असं आयच सांगायची. उद्या माझ्या ताटातलं अर्धं तू खायचंस. कबूल?"

 मथुरा म्हणाली, "कबूल."

सकाळी शीड लुळंच होतं. धाकूपुढे पेज आली, तशी मथुरेने हात धुतले आणि नवऱ्याच्या ताटाशी येऊन बसली.