आधी गेज, मग माल

सातवी पिनही अडकली. दीक्षाला इतका आनंद झाला, की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तिने मान खाली घातली. तिच्या हातात पोलादी कडं होतं, रिंग गेज. त्यातून पिन आरपार गेली तर माल पास, अडकली तर नापास. एवढा साधा हिशोब. सलग सात अडकल्यावर आठवी उचलायचीही तिला गरज वाटेना.

समोर स्टुलावर वर्कशॉपचा मालक चिमाजी बसला होता. सत्तरी ओलांडलेला, कानात यंत्र. दीक्षाच्या महाळुंग्याच्या कंपनीला द्यायचा हा त्याचा पहिलाच माल. तो नापास झाला की काम दुसऱ्याकडे जाणार आणि चिखलीतल्या या शेडला टाळं लागणार, हे दीक्षाला पक्कं माहीत होतं. म्हणून तर ही तपासणी तिने साहेबांकडून मागून घेतली होती. उट्टं काढायची संधी आयुष्यात एकदाच येते.

तीस वर्षांपूर्वी हाच चिमाजी पिंपरीच्या एका कारखान्यात फोरमन होता आणि दीक्षाचे आजोबा भीमराज त्याच्या हाताखाली लेथ मशीनवर. एके दिवशी चिमाजीने आजोबांचा अख्खा माल नापास केला आणि साऱ्या खात्यासमोर म्हणाला, हात बिघडलाय तुझा. महिनाभरात आजोबा घरी बसले. पुढे कासारवाडीत स्टोव्ह आणि कुकर दुरुस्त करत त्यांचा जन्म गेला. माल बरोबर होता, हे ते मरेपर्यंत सांगत राहिले. कोणी ऐकून घेतलं, कोणी मान डोलावली. खरं कोणालाच वाटलं नाही. दीक्षाचे वडीलसुद्धा हळूच म्हणत, फोरमन उगाच कशाला नापास करेल? आणि खरं सांगायचं तर एखाद्या वेळी दीक्षालाही तसंच वाटून जाई. त्याची तिला फार लाज वाटे. स्वतःवरचा तो रागही तिने चिमाजीच्याच नावावर ठेवला होता.

आजोबांनी नातीला शिकवलं ते एकच. आधी गेज, मग माल. भाजीवाल्याचा रिकामा काटा सरळ उभा राहिल्याशिवाय ते त्यात वांगं पडू देत नसत. दीक्षाला ताप आला की थर्मामीटर आधी स्वतःच्या काखेत लावून बसत. पोर तापाने फणफणतेय आणि म्हातारा स्वतःचा ताप मोजतोय म्हणून आजी कपाळावर हात मारून घ्यायची. त्याच शिकवणीवर दीक्षा आज इन्स्पेक्टर होती.

आज मात्र तिने गेज तपासलं नव्हतं. सकाळी कुदळवाडीजवळच्या खड्ड्यात स्कूटर आदळली, गेजची बॅग रस्त्यावर पडली, तर ती नुसती उचलून झटकली आणि दीक्षा पुढे निघाली. डोक्यात फक्त एक वाक्य घोळत होतं. नापासाचा लाल टॅग लिहून तिने तो पिनांच्या ट्रेला बांधला आणि ते वाक्य सगळ्या शेडला ऐकू जाईल असं म्हटलं.

"हात बिघडलाय तुमचा."

कामगार थांबले. चिमाजीचा मुलगा नवनाथ हात जोडून काहीबाही बोलू लागला, मॅडम, एकदा परत बघा, नऊ घरं चालतात यावर. चिमाजीने त्याला गप्प केलं. तो दीक्षाच्या गळ्यातलं कार्ड वाचत होता. आडनावापाशी तो बराच वेळ थांबला.

"मॅडम," तो म्हणाला, "गेज तपासलं का?"

चोराच्या उलट्या बोंबा! दीक्षाच्या अंगाची लाही लाही झाली. तिने पेटीतली मास्टर पिन काढली. ही पिन अचूक मापाची असते, गेजची परीक्षा घ्यायला. आता याचे शब्द याच्याच घशात घालू, असं मनाशी म्हणत ती खिडकीच्या उजेडात गेली आणि पिन कड्यात सरकवली.

पिन अडकली. फिरवली, तरी अडकली. कड्याच्या आतल्या काठाला ठेच लागून बारीकसा उंचवटा आला होता.

शेडकडे तिची पाठ होती. कोणी काही पाहिलं नव्हतं. तपासलं, बरोबर आहे, एवढं म्हटलं की तीस वर्षांचं उट्टं निघणार होतं. शब्द ओठांवर आले. त्याबरोबर काखेत थर्मामीटर धरून बसलेला म्हातारा डोळ्यांपुढे आला आणि दीक्षाला त्या क्षणी चिमाजीपेक्षा आजोबांचाच जास्त राग आला.

तिने वळून लाल टॅग तोडला. गेज खराब आहे, चूक माझी, असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. उद्या दुसरं गेज आणून सगळा माल पुन्हा तपासीन, असंही म्हणाली. शेडमध्ये जीव आला. नवनाथने चहा सांगितला. दीक्षा सामान भरू लागली. तिला हरल्यासारखं वाटत होतं.

चिमाजी मात्र हसला नाही. तो स्टुलावरून उठला. चहाला निघालेल्या कामगारांना त्याने हाक मारून जवळ बोलावलं, मुलालाही समोर उभं केलं.

"भीमराजची कोण तू?"

"नात."

"त्यानं बी मला हेच इचारलं व्हतं. गेज तपासलं का म्हणून. मी न्हाई तपासलं." तो कामगारांकडे न पाहता बोलत होता. "त्याला काढल्यावर चौथ्या दिवशी तपासलं. गेजच खराब व्हतं, पोरी. मी गप बसलो."