मिस्सेची घंटा

बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांमागं, पार जंगलाला टेकलेलं ते गाव. सुगीच्या सणाच्या मिस्सेची प्रार्थना ऐन भरात, आणि चर्चच्या दारात हत्ती! नव्या नाचणीच्या पेंढ्या आशीर्वादासाठी दाराशीच रचलेल्या, त्याच तो निवांत खात उभा. आत गाणं थांबलेलं, सगळा गाव चिडीचूप. लेकरांच्या तोंडावर आयांचे हात.

फादरनी भाकर वर उचलली. या वेळेला चर्चचा घंटावाला सांतान घंटा वाजवायचा, मग रानातला माणूसही जागच्या जागी क्रूसाची खूण करायचा. त्यानं सवयीनं दोर धरला. फादरनी मान हलवली, नको.

 त्याची बायको रेमेत पायानं अधू, नेहमीसारखी मागं राहिलेली. आत्ता समोरच्या पायवाटेनं येत असणार, थेट हत्तीच्या तोंडी. घंटा वाजवावी तर हत्ती बिथरून आत घुसेल. गप्प राहावं तर रेमेत जाईल. दोर त्यानं सोडला नाही, पण घंटाही वाजवली नाही.

पेंढ्या संपवून हत्ती रानात गेला, तसा सांतान धावत सुटला. रेमेत बांधावरच्या पंपाच्या खोलीत आतून कडी लावून बसलेली.

"तुला कुणी सांगितलं गं?" तो रडायलाच लागला. "मी तर घंटासुद्धा वाजवली नाही!"

"म्हणूनच तर कळलं," रेमेत म्हणाली. "तापानं फणफणलात तरी तुमची घंटा कधी चुकली नाही. आज गाणं थांबलं, घंटा आली नाही. तेव्हाच म्हटलं, दारात कायतरी उभं हाय."