पुसत राहिलेली कामं

"बाबा, तो आईचा फोल्डर आहे!" शाल्मली ओरडली आणि दिगंबरने चालू काम थांबवायला पटकन कंट्रोल-सी दाबलं. नको असलेले फोल्डर कायमचे पुसायला लावलेल्या स्क्रिप्टला, म्हणजे छोट्या प्रोग्रामला, त्याने चुकून दिला होता तो वारलेल्या बायकोच्या आवाजाच्या रेकॉर्डिंगचा फोल्डर. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

"थांबलं का?"

"थांबलं गं." त्याने कपाळावरचा घाम पुसला.

"मग डिस्कचा दिवा का लुकलुकतोय?"

थांबली होती ती फक्त मुख्य स्क्रिप्ट. पुसण्याची कामं त्या स्क्रिप्टने मागे, बॅकग्राउंडला वेगळी चालू सोडली होती, आणि स्वतः थांबताना त्यांनाही थांबवायची ओळ त्याने लिहिलीच नव्हती. ती कामं आपली मुकाट्याने फायली पुसत होती. त्याने डिस्कची वायर उपटली. पुन्हा जोडली, तेव्हा फोल्डर रिकामा होता.

शाल्मलीने रिकाम्या फोल्डरवरची नजर त्याच्याकडे वळवली.

"बाबा, आई मला हाक कशी मारायची? मारून दाखवा ना."

त्याने डोळे मिटले आणि तिच्यासारखी लांबवून हाक मारली, "शालूऽऽ!"

पोरीने थोडा वेळ वाट पाहिली. मग हळूच म्हणाली, "राहू द्या, बाबा. तुमचाच आवाज येतोय."