मापाचा झगा

शिरूरच्या एसटी डेपोसमोर माझं लेडीज टेलरचं दुकान आहे. भंगारात मिळालेली दोन जुनी विलायती चित्रं मी तिथं भिंतीवर लावलीयत. रेघा छापील, रंग हातानं भरलेले. एकात निळ्या झग्यातली सरदारीण, दुसऱ्यात पिवळ्या. दोघी समोर तोंड करून, नाक वर करून उभ्या.

निमोण्याच्या राजनंदिनीला प्री-वेडिंगच्या फोटोंसाठी तो निळा झगा हवा होता. "पुण्याचे डिझायनर न्हाई म्हणले, मदिनामावशी. तुम्हाला जमंल का?"

"न जमायला काय झालं? मापाचा ब्लाउज ठिव आन् गुरुवारी ये."

समोरची बाजू चित्रात बघून शिवली. पाठ कशी असेल ते कोण सांगणार? मी आपली ब्लाउजला लावते तशी दोरी लावली आणि तिला दोन लाल गोंडे.

गुरुवारी दुपारी राजनंदिनी झगा घालून बाहेर पडली, तर डेपोतली माणसं गाडी सोडून बघत राहिली. माझी छाती फुगली. "बघितलंस का?" म्हणत मी भिंतीकडं वळले.

निळ्या झग्यातली सरदारीण पाठमोरी उभी होती. पाठीवर दोन लाल गोंडे.

मी भ्यायला हवं होतं. पण विलायतेची सरदारीण माझी शिलाई मिरवत होती! हसतच मी मशीनकडं आले.

मशीनवर पिवळा झगा घडी घालून ठेवलेला होता. हात लावला तर बोटांना ओला रंग लागला. वर चित्रात दुसरी सरदारीण नुसत्या परकरात उभी.

झगा मापाला ठेवलाय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. गळ्यात टेप टाकून मी म्हणाले, "गुरुवारी या, बाईसाहेब."

तिनं मान डोलावली.