निळ्या ठिपक्यांचा कुत्रा

शरावती पायऱ्या चढून आली तेव्हा सुब्राय हेगडे पडवीत बसून फोनशी बोलत होता. फोन तिवईवर उभा होता आणि सुब्राय त्याच्याकडे बघून इतक्या मायेनं हसत होता, की बायकोकडे बघून तो कधी तसा हसला नसेल.

"मोरचूद म्हणजे विष!" तो सांगत होता. "आणि हे पोफळीवर चढणारे कोनेगौड, यांना तुमच्या बागेचं काय पडलंय? मजुरी मिळाली की झालं. माझं ऐका. चढायचं नाही, फवारायचं नाही. आंबट ताकात हिंग कालवा आणि बुंध्याशी ओता. झाड आपलं आपण वर ओढून घेतं."

सिरसीच्या एका बँकेत तीस वर्षं खुर्ची झिजवलेला हा माणूस. जन्मात कधी पोफळीला मिठी मारली नव्हती. पण अंगात इस्त्रीचा सदरा, तोंडात चार इंग्रजी शब्द, आणि फोनमधल्या व्हिडिओत दिसतो म्हणजे खरंच सांगत असणार, असं आसपासच्या गावांना वाटे. शरावतीलाही वाटलं होतं. आषाढात पाऊस दोन दिवस उघडतो, तेवढ्यात मोरचूद-चुन्याची दुसरी फवारणी उरकली नाही तर कोळे रोग घोसच्या घोस खाली आणतो, हे तिला परकरात असल्यापासून ठाऊक होतं. तरी चार दिवसांपूर्वी तिम्मा कोनेगौड अंगणात येऊन "अम्मा, पाऊस उघडला की पहिला नंबर तुमचा," म्हणाला, तेव्हा तिनं त्याला परत पाठवलं. चिखलाच्या पायांनी आलेला माणूस, तो मजुरीसाठी म्हणणारच, असं तिच्या मनात आलं होतं. तिम्मानं फक्त विचारलं होतं, "तोंडानं सोडताय ना, अम्मा? मालकानं तोंडानं सोडला तरच नंबर दुसऱ्याला देता येतो." तिनं तोंडानं सोडला होता.

आज सकाळी ऊन पडलं आणि ती बागेत गेली, तर पोफळींखाली हिरव्या सुपाऱ्यांचा सडा. त्यातल्या चार तिनं पदरात बांधून आणल्या होत्या. त्या तिनं पडवीत सुब्रायपुढे ठेवल्या. देठाशी काळपट, वर पांढरी बुरशी.

"भावजी, हे बघा. वर्षाचं पीक आहे माझं."

सुब्रायनं सुपारीला बोटसुद्धा लावलं नाही. पानाचं तबक तिच्याकडे सरकवलं.

"छान! फार छान! अगं, झाड जुनं विष बाहेर टाकतंय. हे व्हायलाच हवं. ये, इकडे बस, लोकांना तुझा अनुभव सांग."

"पडलेल्या सुपारीचा काय अनुभव सांगू?"

"घाबरू नको. माझ्या बागेत पण हेच झालं होतं. विश्वास ठेवायला शीक जरा."

एवढ्यात बागेच्या वाटेनं त्याचा पांढरा कुत्रा धावत वर आला आणि फोनसमोर उभं राहून त्यानं अंग झाडलं. त्याच्या पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत निळे ठिपके होते.

"हाड! हाड रे!" सुब्राय एकदम ओरडला. मघाची माया कुठल्या कुठे गेली.

शरावतीनं कुत्र्याच्या पाठीवर हात फिरवला. बोटं निळी झाली. तिनं ती नाकाशी नेली. चुना आणि मोरचूद. हा वास तिला झोपेतही कळला असता.

तिला सुब्रायचा राग आला, पण त्याहून जास्त किळस आली. आणि थोडी स्वतःचीही. इस्त्रीच्या सदऱ्याला भुलून तिनं चिखलाचे पाय परत पाठवले होते. ती सुपाऱ्या उचलून उठली आणि त्याच्या बागेत उतरली.

वर, पोफळीच्या शेंड्याशी, तिम्मा एका हातानं झाड धरून घोसांवर फवारत होता. अर्धी बाग निळी झाली होती.

"तिम्मा! हा नंबर कुणाचा?"

तिम्मानं खाली बघितलं. "तुमचाच होता, अम्मा. तुम्ही सोडला त्याच दिवशी हेगडेमालकांनी निरोप धाडला. म्हणाले, मागच्या वाटेनं ये, बोभाटा नको."

"तोंडानं सोडला होता, आता तोंडानं मागते. येशील?"

नंबर परत मागायची रीत गावात नव्हती. तिम्मानं पश्चिमेला जमत आलेले ढग बघितले. मग वर पडवीकडे कान दिला. मोरचूद म्हणजे विष, कोनेगौड म्हणजे लुटारू, हे सुब्रायनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं होतं. आवाज बागेपर्यंत स्वच्छ येत होता.

तिम्मा सरसर खाली उतरला आणि नळी गुंडाळायला लागला.

"पडलेली सुपारी परत लागायची नाही, अम्मा. राहिलीय तेवढी बघू."

"तेवढी बघू," ती म्हणाली.

त्यांचं बोलणं सुब्रायला पडवीत ऐकू गेलं असावं. तो धोतर सावरत, अनवाणी, चिखलातून धावत आला. फोन हातातच होता.

"शरावती, अगं हे काय? माझी अर्धी बाग राहिलीय! संध्याकाळपर्यंत पाऊस येईल!"

शरावतीनं त्याच्या दुसऱ्या हातावर त्या चार सुपाऱ्या ठेवल्या आणि तिम्माच्या मागून वाटेला लागली. बांधावर पोचल्यावर तिनं वळून बघितलं.

"ताक कमी पडलं तर आमच्याकडून न्या, भावजी."