गोडं पाणी

"आई, ती बाटली खाली ठेव!" किनाऱ्यावरच्या प्रथमोपचार केंद्रातून व्हिनेगरचा कॅन उचलून नलिनी वाळूतून धावत सुटली.

तिची आई पुन्हा मुद्दाम समुद्रात शिरून जेलीफिशचा डंख घेऊन आली होती. या नव्या जातीच्या डंखाने माणसाचं वय उतरायचं आणि उतरलेल्या वर्षांच्या आठवणीही पुसल्या जायच्या. व्हिनेगर ओतलं की सगळं थांबे. गोडं पाणी ओतलं, तर कातडीला चिकटलेल्या उरल्यासुरल्या विषपेशीही फुटत आणि वय आणखी घसरे. नलिनीने फलक लावले, घसा फोडून सांगितलं. तरी मेल्या प्रत्येकाच्या पिशवीत पाण्याची बाटली असायचीच!

"गुडघे दुखतात गं, थोडंसंच," असं म्हणत आईने मागच्या खेपेला नलिनीचंच वय गाठलं होतं.

नलिनी पोचली तेव्हा बाटली आईच्या डंखलेल्या पायावर रिकामी झाली होती. दातओठ खात तिने त्या पायावर व्हिनेगर ओतलं. "कितीदा सांगायचं गं आई तुला? डोकं फिरलंय का तुझं?"

वाळूत बसलेल्या तरुण मुलीने ओले केस मागे सारत वर पाहिलं.

"काकू, ओरडताय कशाला? आणि मला आई काय म्हणताय? माझं अजून लग्नसुद्धा व्हायचंय."