येऊ का?

विज्ञानाच्या बाई रात्री वारल्या, हे शाळेत सकाळी कळलं. दुसऱ्या तासाला त्यांच्या वर्गावर शाळेत नुकतेच लागलेले नवे सर आले. तडक आत शिरले आणि डस्टर टेबलावर आपटलं.

कोणी उठलं नाही.

"पायांत खिळे ठोकलेत का? उभे राहा!"

वर्ग माना खाली घालून बसून राहिला. शेवटी पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. तोंडाला तोंड देते म्हणून वर्ग तिला वकील म्हणायचा.

"सर, तुम्ही विचारलं नाहीत."

"काय विचारायचं?"

"येऊ का, म्हणून. बाई रोज दारात थांबून विचारायच्या. आम्ही उठून ‘या’ म्हणायचो. मगच त्या आत यायच्या."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. सरांचे कान लाल झाले.

"मास्तरनं पोरांची परवानगी काढायची? उद्या म्हणाल, पाया पण पडा! थांब, आज तुझा दाखलाच हातात देतो."

त्यांनी तिचं दप्तर उचललं आणि व्हरांड्यात भिरकावलं. पेन्सिली घरंगळत गेल्या. मुलगी जागची हलली नाही.

आवाज ऐकून मोठ्या बाई आल्या. रडून त्यांचे डोळे सुजले होते. सरांचं सगळं ऐकून घेऊन त्या मुलीला म्हणाल्या, "माफी माग."

"मागते. सर, उलट बोलले, चुकलं माझं." ती म्हणाली, "पण बाईंचं चुकत होतं, असं नाही म्हणणार. द्या दाखला."

मोठ्या बाई बाहेर गेल्या आणि खाली बसून पेन्सिली वेचायला लागल्या.

सर बघत राहिले. मग व्हरांड्यात जाऊन त्यांनी दप्तर उचललं, पेन्सिली त्यात टाकल्या, आत येऊन ते बाकावर ठेवलं आणि पुन्हा बाहेर गेले. दारात थांबले. घसा खाकरला.

"येऊ का?"

सगळा वर्ग उभा राहिला. वकिलानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मागच्या बाकावर कोणीतरी हुंदका दिला. मग दुसऱ्यानं.

सरांनी घाई केली नाही. तास संपत आला, तरी ते दारातच उभे होते. ‘या’ म्हणायचं राहिलं होतं.